काचबिंदूची तारीख

वाद सुरू झाला एका ओळीवरून. ‘डावा डोळा, काचबिंदू. अपंगत्व १५ ते १९ टक्के. लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ परळमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त हवालदाराच्या मेडिकल बोर्डाचा हा निष्कर्ष. त्याचं पहिलं अपील फेटाळलं गेलं आहे, दुसऱ्याची तयारी चालू आहे, आणि कागद जुळवताहेत लालबागचे तात्या. तात्या स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज, स्पर्श पोर्टलवरचे हयातीचे दाखले, विधवांची कागदपत्रं ही कामं ते एक पैसा न घेता करतात.

त्यांच्यासमोर बसलेली डॉक्टर त्यांच्याच चाळीत लहानाची मोठी झाली. आता दादरला तिचा डोळ्यांचा दवाखाना आहे. पूर्वी काही वर्षं ती एका सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळावर होती. तात्यांना ती मानते, त्यांचं म्हणणं मात्र सहजासहजी मानत नाही. दोघांच्या संमतीने त्यांचं बोलणं इथे मांडतो आहे. मधेमधे माझंही मत येईल, कारण हे सगळं मला तटस्थपणे ऐकता आलं नाही.

“एकोणीस म्हणजे काय ग?” तात्यांनी विचारलं. “डोळ्यात दुर्बीण लावून बघितलंस तर एकोणीस आणि वीस यांतला फरक दिसतो तुला?”

“नाही दिसत. कोणालाच दिसणार नाही.”

“मग बोर्डाला कसा दिसला?”

प्रश्नातली धार कळायला पेन्शनचं गणित माहीत हवं. नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या सैनिकाला पेन्शनवर अपंगत्वाची वेगळी रक्कम मिळायची तर दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं हवं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. शेवटचा पगार ५०,००० रुपये धरला तर २० टक्क्यांचे होतात महिना ३,०००. पण त्यावर आणखी एक नियम आहे. ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ मधलं ७५, आणि त्यावरचं १००. आधी ही सवलत फक्त आजारपणामुळे मधेच नोकरीतून काढलेल्यांना होती. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. म्हणजे बोर्डाने २० लिहिलं की ते ५० होतं आणि महिना ७,५०० रुपये सुरू होतात, वर महागाई भत्ता. १९ लिहिलं तर काही नाही.

“एका टक्क्याला महिना साडेसात हजार,” तात्या म्हणाले. “जन्मभर. आणि तो टक्का ठरवला कोणी, तर ज्याला तो दिसतच नाही त्याने.”

“तात्या, मला याचीच तर भीती वाटते,” डॉक्टर म्हणाली. “मंडळावर असताना समोर एखादा गरीब माणूस उभा राहिला की पेन आपोआप वरच्या आकड्याकडे जायचं. एकदा जाऊ दिलं की मग थांबत नाही. आज याच्यासाठी एक टक्का, उद्या ओळखीच्यासाठी पाच. एका टक्क्यावर सगळं किंवा काहीच नाही, हा नियम वाईट आहे. तो बदलायला लावा. नियम वाईट आहे म्हणून माप खोटं लिहायचं, हे मला जमणार नाही.”

“मी खोटं लिहायला सांगतोय का? माप तरी नीट घ्या म्हणतोय.”

इथे डॉक्टरने त्यांच्या हातातला कागद मागून घेतला आणि बराच वेळ वाचला. मापाच्या बाबतीत तात्यांचं बरोबर होतं, आणि तिने ते तिथल्या तिथे कबूल केलं. बोर्डाच्या कागदावर डाव्या डोळ्याची नजर ६/१२ होती, उजव्याची ६/६. ही नजर म्हणजे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचण्याची ताकद. काचबिंदूचं नुकसान या तक्त्यावर शेवटी उमटतं. डोळ्यातला दाब वाढतो, मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू एकेक करून मरतात, आणि आधी जाते ती बाजूची नजर. मधली नजर बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून लख्ख दिसायला लागलं, असं इथे होत नाही. उपचारांनी फक्त उरलेलं वाचवता येतं.

“माझ्याकडे असे पेशंट येतात,” ती म्हणाली, “तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आणि दादर स्टेशनच्या पुलावर दर दोन पावलांवर कोणाला तरी धडकतात. बायको म्हणते, यांचं लक्ष नसतं. लक्ष असतं हो, डोळ्यात माणूसच येत नाही. अशा डोळ्याचं माप तक्त्यावर घेऊन चालत नाही, नजरेचा पल्ला मोजावा लागतो. त्या तपासणीला पेरिमेट्री म्हणतात. यंत्रासमोर बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. या कागदांत तो आलेखच नाही.”

“नाहीच आहे!”

“म्हणजे १५ ते १९ हा आकडा कशावरून आला ते मला सांगता येणार नाही. पण तुम्हालाही सांगता येणार नाही, की तो वीस होता.”

आपल्या देशातल्या कायद्याला पल्ल्याची जाण नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात चांगल्या डोळ्याची नजर जशी धरली आहे तसा दृष्टीचा पल्लाही धरला आहे. ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० च्या खाली गेला तर अंधत्व. अमेरिकेत माजी सैनिकांच्या काचबिंदूला आकडा देताना आणखी बारकाईने मोजतात. आठ दिशांना डोळा किती अंशांपर्यंत पाहतो ते घेऊन बेरीज करतात, निरोगी डोळ्याची बेरीज ५०० धरतात, आणि आठाने भागून सरासरी काढतात. दोन्ही डोळ्यांचा पल्ला ३१ ते ४५ अंशांवर आला तर ३० टक्के, १६ ते ३० वर आला तर ५०, ६ ते १५ वर ७०, आणि ५ अंशांवर १००. यातलं मला सर्वांत पटलेलं कलम वेगळंच आहे. काचबिंदूसाठी सतत औषध घ्यावं लागत असेल, तर पल्ला कितीही चांगला असो, किमान १० टक्के द्यायचेच. रोज रात्री आठवणीने थेंब घालणं, दर काही महिन्यांनी दाब तपासणं आणि कधीतरी दिसेनासं होईल या धास्तीत जगणं हेही अपंगत्वात मोजायचं, असा त्याचा अर्थ होतो. तिथे अर्थात दहा-दहाच्या पायऱ्यांनी पैसे मिळतात. आपल्यासारखा २० चा कडा तिथे नाही.

मापावर दोघांचं असं थोडंफार जुळलं. खरं भांडण पुढे होतं.

“माप सोड,” तात्या म्हणाले. “उद्या तू पन्नास लिहिलेस तरी दुसरी ओळ आहेच. एनएएनए. सेवेमुळे नाही, सेवेने बळावला नाही. आता मला सांग, भरतीच्या वेळी त्याला ठोकून-पारखून घेतला ना? दात मोजले, छाती मोजली, डोळे बघितले. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. तेव्हा काचबिंदू नव्हता. चोवीस वर्षांनी बाहेर पडला तेव्हा होता. मग तो लागला कुठे?”

तात्यांचं हे म्हणणं नुसतं भावनेचं नाही. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सिग्नल्समधला तो जवान फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्वावर काढला गेला होता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक धडधाकट होता असं धरायचं, आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांमध्ये वकील आजही याच निकालाचा आधार घेतात.

“कोर्टाचा मान राखून सांगते,” डॉक्टर म्हणाली, “पण वैद्यकशास्त्र तसं चालत नाही. अठरा-वीस वर्षांच्या पोराला काचबिंदू नसणारच. तो बहुतेक चाळिशीनंतर येतो. घराण्यात चालत येतो, वयाने येतो, काहींच्या डोळ्याची ठेवणच तशी असते. हाच माणूस गिरणगावात पानाची गादी चालवत बसला असता तरी त्याला झाला असता कदाचित. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत पांढरे झालेले केससुद्धा तुम्ही सेवेच्या खात्यावर टाकणार का? अपंगत्व पेन्शनच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट आहे, आजार नोकरीत असताना दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं होत नाही. आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल काय म्हणतो? निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास अपंगत्वाचं पेन्शन घेऊन बाहेर पडतात. त्यात मधुमेह आणि रक्तदाबवाले पुष्कळ. पेटकरांना पासष्टच्या लढाईत गोळ्या लागल्या. त्यांचं अपंगत्व आणि एखाद्याची साखर एकाच शब्दात बसवलीत तर त्या शब्दाची किंमत कमी होते, तात्या.”

मुरलीकांत पेटकर म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारे. त्यांचं नाव निघालं तसे तात्या क्षणभर थांबले. मग म्हणाले, “त्यांच्या पंगतीत बसायचं असं मी म्हणालो नाही. लढाईतल्या जखमेचा दर वेगळा, दुप्पट आहे, आणि तो तसाच असावा. पण तू कॅगचा अर्धाच आकडा सांगितलास. अधिकारी ४० च्या आसपास. जवान किती?”

“अठराच्या आसपास.”

“मग? बर्फात जास्त कोण उभा राहतो? बोर्डासमोर काय बोलायचं, कोणता कागद मागायचा, हे कोणाला ठाऊक असतं? माझ्या हवालदाराने बोर्डात काही विचारलंच नाही. ‘सही कर’ म्हणाले, केली.”

यावर डॉक्टरकडे उत्तर नव्हतं आणि तिने ओढूनताणून दिलंही नाही. माझ्या मते गैरफायद्याचा मुद्दा काढताना प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत. नियम सैल केल्याने कोणाचं फावलं आणि आवळल्याने कोण मरणार, हे त्यातून दिसतं.

तात्यांनी मग थोरल्या भावाची गोष्ट काढली. लालबाग-परळच्या कितीतरी घरांत एक भाऊ गिरणीत आणि एक पलटणीत अशी वाटणी असायची. सातारा, सांगली, रत्नागिरीच्या ज्या गावांनी साचेखात्याला माणसं दिली त्यांनीच मराठा आणि महार रेजिमेंटलाही दिली. तात्यांचा भाऊ साच्यावर होता. एका पाळीत धोटा मागातून निसटून उडाला आणि डोळ्यावर बसला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात त्याचा आकडा छापलेलाच होता. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४० टक्के, बुबुळ शाबूत राहून एका डोळ्याची नजर गेली तर ३०. “पैसे थोडेच मिळाले,” तात्या म्हणाले, “पण कशाने झालं, हे त्याला कोणी विचारलं नाही.”

“कारण त्याच्या डोळ्याला तारीख होती. अमुक दिवस, अमुक पाळी, दहा साक्षीदार. काचबिंदूला तारीख नसते.”

“याच्याही डोळ्याला आहे तारीख,” तात्या सावकाश म्हणाले. “पलटणीकडून बॉक्सिंग करायचा तो. एका लढतीत डाव्या डोळ्यावर ठोसा बसला, डोळ्यात रक्त उतरलं, आठवडाभर पट्टी होती. बत्तीस-तेहतीस वर्षांचा असेल तेव्हा.”

डॉक्टर ताठ बसली. “हे आधी का नाही सांगितलंत?”

इथून पुढची दहा मिनिटं तीच बोलली. डोळ्यावर बोथट मार बसला की आतलं पाणी जोराने मागे रेटलं जातं, आणि ते जिथून बाहेर झिरपतं त्या कोनापाशी स्नायू फाटतो. रक्त विरतं, दुखणं थांबतं, माणूस विसरून जातो. पण झिरपायची जाळी कायमची अधू झालेली असू शकते, आणि काहींच्या डोळ्यातला दाब मग काही वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही वाढतो. असा काचबिंदू मार बसलेल्या डोळ्यालाच होतो. घराण्यातून येणारा बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना धरतो, एकाला कमी, एकाला जास्त. गोनिओस्कोपी नावाची तपासणी आहे. डोळ्यावर आरशाचं भिंग टेकवून तो कोन पाहता येतो. फाटून मागे सरकलेला कोन पुढे पंचवीस वर्षांनीही तसाच दिसतो.

“म्हणजे फाइलमध्ये नसलं तरी डोळ्यात लिहिलेलं असेल,” ती म्हणाली. “आणि पलटणीने खेळवलेला सामना म्हणजे ड्युटीच. मला तुमचं ते ‘धडधाकट होता असं धरा’ नको. मला पुरावा द्या, मी तुमच्या बाजूने लिहीन.”

“आणि पुरावा नसलेल्यांचं काय? मार न बसलेल्यांचं? त्यांना तू वाऱ्यावर सोडणार?”

“ज्यांचा सेवेशी संबंध नाही त्यांना सेवेच्या खात्यातून कसं देणार?”

“संबंध नाही?” तात्यांचा आवाज चढला. “झाला कशाने ते देवाला ठाऊक. पण सापडला कधी? निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा. त्याआधी चोवीस वर्षं त्याचे डोळे कोणाच्या ताब्यात होते? तू आजारी पडलीस तर तुझ्या मनाने डॉक्टर निवडतेस. जवानाला युनिटचा एमआय रूम, म्हणजे तपासणीची खोली. तिथे तक्ता वाचायला लावायचे, वाचला की पुढचा. दाब कोणी मोजला? तूच म्हणालीस ना, गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं? मग ज्याने वेळेवर बघितलं नाही त्याने वाचवण्यासारखं होतं ते घालवलं. ‘बळावला’ म्हणजे आणखी काय असतं?”

मला वाटतं, सगळ्या वादात हेच सर्वांत महत्त्वाचं बोलणं होतं. नियमांत ‘झाला’ आणि ‘बळावला’ असे दोन दरवाजे आहेत, आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याच दरवाज्यावर डोकं आपटतो. काचबिंदू सेवेमुळे झाला का, हे शास्त्राला अनेकदा सांगता येणार नाही. पण तो उशिरा सापडला का, आणि तो उशीर कोणाच्या हाती होता, हे कागदांवरून सांगता येतं. भारतातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना तो असल्याचं माहीतच नसल्याचं आढळलं आहे. गिरगावातल्या दुकानदाराच्या बाबतीत आपण म्हणू, त्याने तपासून घेतलं नाही. सैनिकाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. त्याची दर तपासणी सरकारने ठरवली, सरकारने केली आणि कागदही सरकारच्या कपाटात आहे. ज्याच्याकडे फाइल, त्याच्यावर शंकेचा भार, हे मला न्यायाचं वाटतं.

डॉक्टरने बराच विचार करून मान हलवली. “हे मला नाकारता येत नाही. उलट तुमच्या बाजूने आणखी एक सांगते. लॅटॅनोप्रोस्ट नावाचे थेंब आहेत, पुष्कळांना तेच देतात. सीलबंद बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, फोडल्यावर २५ अंशांच्या आत. राजस्थानच्या चौकीवर मे महिन्यात ते कुठे ठेवणार? टिमोलॉल घातलं तर नाडी मंदावते, दमेकऱ्याला ते चालत नाही. धुळीने डोळे चुरचुरतात म्हणून कोणी स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालत राहिला, तर त्यानेच दाब चढतो. हे सगळं ‘बळावला’ मध्ये येतं. पण तात्या, प्रत्येकाचं वेगळं बघावं लागेल. सरसकट होय नाही, तसं सरसकट नाहीसुद्धा नाही.”

“सरसकट नाही तर ते म्हणतातच आहेत. पीस स्टेशनवर होता, म्हणून नाही. लाइफस्टाइल, म्हणून नाही.”

दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात हेच फेटाळलं होतं. शांततेच्या ठिकाणी नेमणूक होती एवढं कारण पुरत नाही, बोर्डाने कारणमीमांसा लिहिली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. दुसरीकडे २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, आणि नोकरी पूर्ण करणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवं नाव आलं आहे. तात्यांचा हवालदार त्याआधीचा, त्यामुळे त्याला जुनेच नियम. दुसरं अपील फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं मुंबई खंडपीठ मलबार हिलवर.

“माणूस आणा,” डॉक्टर म्हणाली. “कोन बघते, दोन्ही डोळ्यांचा पल्ला काढते. जे दिसेल ते लिहीन, जे दिसणार नाही ते लिहिणार नाही. आणि त्याच्या सख्ख्या भावंडांनाही घेऊन या.”

“त्यांना कशाला?”

“काचबिंदूवाल्याच्या सख्ख्या भावंडांना धोका इतरांच्या कितीतरी पट असतो.”

तात्यांनी कागदांची चळत सारखी केली. “भावात निघाला तर बोर्ड म्हणणार, बघा, घराण्यातच आहे. बॉक्सिंगचा मुद्दा गेला.”

“कदाचित जाईल. भाऊ काय करतो?”

“बेस्टमध्ये ड्रायव्हर आहे.”

“तात्या!”

“कळलं, कळलं. शनिवारी दोघांना आणतो.” ते उठले, पण दारापर्यंत जाऊन वळले. “भावात काही निघालं तरी मी अपील मागे घेणार नाही. उशिराचा मुद्दा राहतोच.”

“राहतोच. लढायचं तर त्याच्यावरच लढा, सगळं बॉक्सिंगवर टांगू नका. रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, चोवीस वर्षांतल्या सगळ्या तपासण्यांचे कागद मागा. त्यात डोळ्याचा दाब किती वेळा मोजलाय ते बघा. एकदाही नसेल, तर अपिलाला तेच पहिलं पान लावा.”